सातवा प्रकार

माणसं किती प्रकारची असतात असं फेना पोस्तमाला तुम्ही विचारलं असतं, तर ती म्हणाली असती, "जितकी डोकी तितकी, आणि आता मला कॉफी पिऊ द्या." पण तिची नोकरी अशी, की ऑफिसात शिरलं की सहाच प्रकार मानायचे. सातवा असायला बंदी. आठव्याचं तर नावच काढू नका.

ड्रेंटच्या माळावर, कालव्याच्या कडेला ते क्लिनिक होतं. बायकांवर अत्याचार केलेले, तुरुंगातली शिक्षा भोगून झालेले, पण तरीही कोर्ट ज्यांना मोकळं सोडायला धजत नाही असे साठेक पुरुष तिथे राहायचे. त्यांना तपासायचं, त्यांचा प्रकार ठरवायचा, प्रकाराप्रमाणे धोका ठरवायचा आणि धोक्याप्रमाणे उपचार. यासाठी एक पुस्तिका होती. उत्रेख्तला एक समिती होती, ती दर दोन वर्षांनी पुस्तिकेची नवी आवृत्ती काढायची. क्लिनिकचे प्रमुख डॉक्टर लोडवाइक ब्रांत्समा त्या समितीचे सभासद. बैठक एकही चुकवली नाही हो त्यांनी कधी! इतिवृत्त मात्र एकही वाचलं नाही.

पुस्तिकेतला पहिला प्रकार रागानं पेटून करणारा. दुसरा कुठलाच नियम न मानणारा, मग हा तरी का मानील. तिसरा बुजरा: एकलकोंडा, जवळीक हवी पण मागायची कशी ते कळत नाही असा. चौथा वरून साखर, आतून हुकूमशहा. विश्वास कमवायचा, मग मान पकडायची. पाचवा-सहावा मी सांगत नाही, जेवणं व्हायची असतील तुमची. कळीचा मुद्दा एवढाच की तिसऱ्याला बागकाम, गटात गप्पा आणि दोन वर्षांत सुट्टी. आणि चौथ्याला वर्षानुवर्षं कठीण उपचार, सुट्टीचं नाव नाही.

एकेकाची फाइल दोघांनी स्वतंत्र वाचायची, त्या माणसाशी दोघांनी स्वतंत्र बोलायचं, आणि मंगळवारी टेबलावर आपापले कागद पालथे ठेवून एकदम सुलटे करायचे, अशी तिथली रीत. दोघांचं जुळलं की डॉक्टर खूश. शंभरातले किती जुळले तो आकडा कॉफीच्या मशीनवर लावलेला असायचा. फेना आणि तिचा जोडीदार बास तेर्प्स्त्रा यांचा आकडा चौऱ्याण्णव. बास चाळिशीचा, गोड माणूस, कामाला जरा जड. त्याच्याशी जुळणं काही कठीण नव्हतं. त्याला लवकर घरी जायचं असायचं.

तर त्या वसंतात फेनाच्या कानाला काहीतरी टोचायला लागलं. एका महिन्यात तीन वेगवेगळे पुरुष तिच्यासमोर बसले, तिघांनी खाली पाहिलं, आणि तिघं म्हणाले, "मला जवळीक हवी होती, पण ती मागायची कशी, हे मला कळत नव्हतं." शब्दन् शब्द. तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा तिनं पुस्तिका उघडली. पान चौदा. स्वल्पविरामासकट.

त्या तिघांतला शेवटचा एवर्ट काउपर्स. पूर्वी गाडी शिकवायचा. शिकायला येणाऱ्या तीन तरुण बायकांनी तक्रार केली होती, त्यातल्या दोघी कोर्टात उभ्या राहिल्या. गाडीत दारं बंद, शेजारी बसलेला मास्तर, आणि परीक्षेला बसवायचं की नाही ते त्याच्या हातात. वाचलेत ते कागद फेनानं. दोनदा वाचवत नाहीत. पण आता एवर्ट क्लिनिकातला गुणी माणूस होता. सगळ्यांना दार उघडून धरायचा. बासनं आधीच्या तपासणीत त्याला तिसरा ठरवलं होतं, आणि आता त्याच्या पुढच्या सुट्टीची वेळ आली होती: दर गुरुवारी दुपारी गावात, एकटा, बरोबर कुणी नाही.

फाइलमध्ये एक पत्र होतं. रुलीन नावाच्या बाईचं, कोर्टात उभ्या राहिलेल्या दोघींतली एक. ती त्याच गावात राहायची. पत्र चार ओळींचं. 'मी गुरुवारी बाजारात जाते. तो एकटा फिरणार असेल तर कृपया आधी कळवा, म्हणजे मी जाणं बंद करीन.'

फेनाचं डोकंच फिरलं. गुन्हा यानं केला, उंडारणार हा, आणि घरात कोंडून घेणार ती? वर 'कृपया'!

पण हा चौथा आहे, तिसरा नाही, हे सिद्ध कसं करणार? 'मला वाटतं' या दोन शब्दांना पुस्तिकेत रकाना नव्हता.

उत्तर तिला कार्यशाळेत सापडलं. कार्यशाळेचा मास्तर हार्म, ड्रेंटचाच, बोलायला कंजूष आणि बोलला की टोमणाच. फेना त्याच्याकडे एक तुटलेली खुर्ची घेऊन गेली होती. बघते तर लांब टेबलाभोवती आठ पुरुष, कुणी कागद दुमडतंय, कुणी शिवतंय, कुणी डिंक लावतंय. टेबलावर ओळखीचा निळा पुठ्ठा.

"हार्म, हे काय आहे?"

"तुमचीच पुस्तिका. जुन्या फाटल्या ना. बाहेर कशाला द्यायच्या, इथे हात रिकामे आहेत, असं वरून सांगितलंय. रोजगारही आणि उपचारही."

"म्हणजे आमची पुस्तिका... हे बांधतात?"

"मग? आणि बांधतात कशी ते बघ. हा एवर्ट तर एकेक पान तपासतो. एक पान उलटं लागू देत नाही. एवढं लक्ष तर तुम्ही लोक पण देत नसाल."

एवर्टनं मान वर करून नम्रपणे हसून दाखवलं. "काम करायचं तर नीट करावं, मॅडम."

फेना खुर्ची तिथेच ठेवून बाहेर आली आणि कालव्याच्या कठड्याला टेकून इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. काटकसर! ज्यांची परीक्षा घ्यायची त्यांच्याकडूनच प्रश्नपत्रिका शिवून घेतो आम्ही, उत्तरांसकट! मग हसू ओसरलं आणि तिला रुलीनचं पत्र आठवलं, आणि तिला काही हसायला आलं नाही.

सरळ जाऊन डॉक्टरांना सांगायचं? ते म्हणाले असते, 'फेना, संशय हा पुरावा नव्हे,' आणि एक उपसमिती नेमली असती. उपसमितीचा अहवाल येईपर्यंत एवर्ट तीस गुरुवार फिरला असता.

म्हणून फेनानं काय केलं, तर लबाडी केली. मी तिची वकिली करत नाही. लबाडी ती लबाडी. पण काय लबाडी केली, ऐका तर खरं!

नवी आवृत्ती उत्रेख्तहून आली होती आणि छपाईला पाठवायचं काम तिच्याचकडे होतं. तिनं त्यात एक पान वाढवलं. प्रकार सातवा. भाषा अगदी समितीची: जड, निर्जीव, दर ओळीला झोप येईल अशी. लक्षणं अशी: वाटाण्याच्या सूपचा वास सहन होत नाही, कारण बालपण आठवतं. मनापासून पश्चात्ताप बोलताना उजवा कान चोळला जातो. आयुष्यात एक प्रेमळ आत्या होऊन गेलेली असते, तिचा विषय निघाला की डोळे भरतात. आणि तळाशी, ठळक अक्षरांत: धोका सर्वांत कमी, एकट्यानं सुट्टी लवकरात लवकर द्यावी.

बेत साधा होता. कार्यशाळेत पुस्तिका बांधल्या जातील, पुरुष त्या वाचतील, आणि पुस्तिका परत आल्या की वाटण्याआधी प्रत्येकातलं ते पान फेना ब्लेडनं कापून काढेल. सातवा प्रकार मग फक्त त्यांनाच माहीत राहील ज्यांनी चोरून वाचलं. हार्मला तिनं विश्वासात घेतलं.

"तू नोकरीला मुकशील बाई," हार्म म्हणाला. मग थोडं थांबून, "वाटाण्याचं सूप कशाला? ते मला आवडतं."

"तुला कुणी खाऊ नको म्हटलंय का?"

"आणि आत्या?"

"आत्या नसलेला माणूस दाखव मला."

इथवर सगळं ठीक. पण डॉक्टर लोडवाइक त्याच शुक्रवारी कार्यशाळेत गेले, आपल्या समितीची नवीकोरी पुस्तिका पाहून त्यांना भरून आलं, आणि त्यांनी सगळा गठ्ठा स्वतःच उचलून नेला. फेना ब्लेड घेऊन पोचली तेव्हा टेबलावर फक्त डिंकाची बरणी होती. सोमवारी सकाळी सगळ्यांच्या खणात सातव्या प्रकारासकट पुस्तिका.

आता डॉक्टर बोलावणार, हे पान कुठून आलं विचारणार, संपलं. दुपारी डॉक्टरांनी तिला खरंच कॉरिडॉरमध्ये गाठलं.

"फेना! सातवा वाचलास?"

"डॉक्टर, मी तुम्हाला सांगणारच होते..."

"समितीत या एका मुद्द्यावर आम्ही किती भांडलो होतो, तुला कल्पना नाही. माझा मुळात विरोध होता. पण आता लिहिलेलं वाचतो तर पटतं बघ."

फेना आ वासून पाहतच राहिली. बैठकीत डुलक्या काढणाऱ्या माणसाला न झालेलं भांडण आठवत होतं! आपण पेंगलो तेव्हाच हे ठरलं असणार, असं त्यांनी ठरवलं होतं, आणि ते कबूल करण्यापेक्षा मान डोलावलेली बरी. खरं सांगायचं तिनं पुढे ढकललं. एक आठवडा, तिनं स्वतःला सांगितलं. फक्त एक आठवडा.

त्या आठवड्यात काय गंमत झाली म्हणता! बुधवारी क्लिनिकात वाटाण्याचं सूप असतं, घट्ट, चमचा उभा राहील असं, वर सॉसेजचे काप. वर्षानुवर्षं ताटं चाटूनपुसून परत यायची. त्या बुधवारी पातेलंच्या पातेलं परत आलं. स्वयंपाकीण दोन्ही हात कमरेवर ठेवून डॉक्टरांच्या खोलीत शिरली.

"माझ्या सूपला काय धाड भरली ते सांगा! एक म्हणतो बालपण आठवतं, दुसरा म्हणतो बालपण आठवतं. तेवीस वर्षं करतेय मी हे सूप, आत्ताच कसं बालपण आठवलं सगळ्यांना?"

"विलक्षण," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी ते लिहून घेतलं.

गटातल्या गप्पांत आत्यांचा नुसता पूर लोटला. मेलेल्या आत्या, कॅनडाला गेलेल्या आत्या, एकीनं तर म्हणे पुरातून बकरी वाचवली होती. बासनं चार जणांना सातवं ठरवलं. उरलेल्यांचे उजवे कान लाल.

आणि एवर्ट? एवर्ट गुरुवारी फेनासमोर बसला तेव्हा ती क्षणभर कौतुकानंच पाहत राहिली. इतरांनी घाई केली होती, यानं नाही. अर्धा तास इकडचं तिकडचं बोलला. मग हळूच हात कानाकडे गेला.

"त्या बायकांचा विचार मनात आला की मॅडम, आत काहीतरी तुटतं."

"असं?"

"लहानपणी मला प्रेम फक्त एकाच माणसानं दिलं. माझी आत्या." डोळे भरले. खरं पाणी हो! असा हुकमी नळ फेनानं बावीस वर्षांत पाहिला नव्हता.

"काय नाव होतं आत्याचं?"

"आत्या... ग्रीत."

"वडिलांची बहीण?"

"हो."

"फाइलमध्ये लिहिलंय, वडील एकुलते एक."

एवर्टनं कान चोळायचं थांबवलं, पण अर्धा सेकंदच. "मानलेली," तो म्हणाला आणि पुन्हा चोळायला लागला.

सोमवारी सुट्टीची बैठक. त्याच दिवशी डॉक्टर लोडवाइकांचा साठावा वाढदिवस. म्हणजे तिकडच्या रीतीप्रमाणे केक त्यांनीच आणायचा, खुर्च्या गोल मांडायच्या, आणि प्रत्येकानं प्रत्येकाचं अभिनंदन करायचं. वाढदिवस त्यांचा असला तरी. बासनं फेनाचा हात दाबला, "अभिनंदन, डॉक्टरांबद्दल." फेनानं हार्मचा. हार्मनं कार्यशाळेचा अहवाल खुर्चीखाली ठेवून केकचा तुकडा उचलला.

मग बास आणि फेनानं कागद सुलटे केले. बासचा: सात. फेनाचा कोरा.

"कोरा कसा?" डॉक्टर म्हणाले. "फेना, हा तर आदर्श सातवा आहे! कान, आत्या, सूप. असा नमुना सापडणार नाही. मी तर परिषदेत याच्यावर निबंध वाचणार आहे. या गुरुवारपासूनच सोडू या त्याला, मी सही करतो."

पेन निघालं. फेनानं त्या पेनकडे पाहिलं. बावीस वर्षांची नोकरी, तीन वर्षांनी निवृत्ती. गप्प बसली तर कुणालाच काही कळणार नव्हतं. चार ओळींचं पत्र पाठवलेल्या बाईला तेवढं कळलं असतं, एका छापील पाकिटातून.

"सातवा प्रकार नाही, डॉक्टर," ती म्हणाली.

"नाही कसा? पान एकेचाळीस."

"ते पान मी लिहिलंय. माझ्या स्वयंपाकघरात बसून. सूप मला आवडत नाही म्हणून सूप घातलं."

बासच्या तोंडातला केक तोंडातच राहिला. डॉक्टर हसले, मग हसायचे थांबले.

"पण समितीत... मला ती चर्चा चांगली आठवते..."

दया येऊन हार्म खिडकीबाहेर पाहू लागला. डॉक्टरांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा.

"हे बेकायदा आहे, फेना. तुला कळतंय का तू काय केलंस?"

"कळतंय. माझ्यावर जी कारवाई करायची ती करा, मी सही करून देते. पण आधी त्याला आत बोलवा. आणि पुस्तिका मिटून ठेवा."

एवर्ट आत आला. स्वच्छ शर्ट, केस विंचरलेले. डॉक्टरांना शुभेच्छा दिल्या, बासलाही दिल्या. सुट्टी मिळणारच असा त्याचा चेहरा होता. खुर्चीत बसता बसताच हात कानाकडे निघाला.

"हात खाली घे एवर्ट," फेना म्हणाली. "आत्याही राहू दे. सातवा प्रकार खोटा आहे. कार्यशाळेत तू जे पान वाचलंस ते मी घरी टाइप केलं होतं."

एवर्टनं एकेकाकडे पाहिलं. मग तो हसला, पण आता ते हसू नम्र नव्हतं.

"छान. मग कुठला हवाय? तिसरा? तिसरा मला पाठ आहे. चौथ्यानं पश्चात्ताप कसा सांगायचा तेही येतं, पण चौथा व्हायला मी काय वेडा आहे?"

"कुठलाच नको. रुलीनबद्दल सांग. तुझ्या शब्दांत."

"माझ्या शब्दांत?"

"हो."

फेनाला वाटलं, आता काहीतरी येईल, एखादं अडखळतं, लाजलेलं वाक्य, काहीही. डॉक्टरही पुढे वाकले होते. एवर्टनं मान तिरकी केली आणि एखाद्या पैसे बुडवलेल्या गिऱ्हाइकाबद्दल बोलावं तसं तो बोलू लागला.

"तिला परवाना कुणामुळे मिळाला? माझ्यामुळे. तीनदा नापास झाली होती. आज गाडी चालवते ना? मी शिकवलं म्हणून चालवते. आणि उपकार फेडले कसे, तर कोर्टात जाऊन. तोंड बंद ठेवलं असतं तर माझ्या आज आठ गाड्या असत्या." तो थांबला. "भेटली तर विचारीन मी तिला. शांतपणे. एवढंच विचारीन."

खोलीत केकचा वास होता. बासनं ताटली हळूच जमिनीवर ठेवली. बावीस वर्षांत फेनाला या कामाचा कंटाळा आला होता, किळस आली होती, कधी रडूही आलं होतं. पण समोर बसलेल्या माणसाची भीती तिला त्या दुपारी पहिल्यांदा वाटली. तिनं सगळं शब्दशः लिहून घेतलं, रकान्याबाहेर, समासात, मागच्या कोऱ्या बाजूला.

एवर्टला बाहेर नेल्यावर डॉक्टरांनी सुट्टीच्या अर्जावर 'नामंजूर' लिहिलं. एवढंच लिहिलं, प्रकाराचा रकाना रिकामा ठेवला. मग ते बराच वेळ निळ्या पुठ्ठ्याकडे बघत बसले. फेना कारवाईची वाट पाहत होती. पण डॉक्टर वळले ते हार्मकडे.

"तुझ्याकडे या पुस्तिका कधीपासून बांधायला येतात?"

हार्मनं हातावरचा चुरा झटकला. "तुम्हीच दिल्या होत्या, डॉक्टर. सहा वर्षं झाली."

"सहा वर्षं." डॉक्टरांनी ते दोन शब्द अगदी हळू उच्चारले. "फेना, सहा वर्षांत तिसरे म्हणून आपण किती जणांना घरी पाठवलं?"

फेनाला आकडा माहीत होता. सगळ्या फायली तिच्याच हातून गेल्या होत्या, खाली तिची सही होती, शेजारी बासची. एकोणीस. आणि एकोणीसच्या एकोणीस वेळा त्या दोघांचं जुळलं होतं.

"यादी काढ," डॉक्टर म्हणाले. त्यांनी केक बाजूला सारून टेबलावर जागा केली. "पहिलं नाव वाच."

फेनानं कपाट उघडलं, यादी शोधून काढली, खुर्ची ओढून बसली आणि पहिलं नाव वाचलं.